दोन दूरच्या शहरांमधले हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ : हिशेब स्वतः कसा मांडावा

लंडन ते टोकियो अंतर किती, या प्रश्नाला तीन उत्तरे देता येतात आणि तिन्ही आपापल्या जागी खरी असतात. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ही दोन शहरे पट्टीने जोडली आणि त्या रेषेवरून प्रवास केला, तर सुमारे ११,३५० किलोमीटर पडतात. पृथ्वीच्या गोल पाठीवरून जवळात जवळच्या वाटेने गेले, तर सुमारे ९,५९० किलोमीटर पुरतात. आणि सध्या या दोन शहरांमध्ये थेट जाणारे विमान मात्र १२,००० किलोमीटरच्या आसपास उडते.

वेळेचेही तसेच आहे. हिवाळ्यात लंडनहून दुपारी १ वाजता निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजता टोकियोत उतरतो, आणि परतताना सकाळी ९:३० ला टोकियो सोडून त्याच दिवशी दुपारी २:५० ला लंडनला पोहोचतो. तिकिटावरच्या घड्याळांची नुसती वजाबाकी केली, तर जायला २३ तास आणि यायला ५ तास २० मिनिटे लागल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात दोन्ही वेळा तो विमानात साधारण चौदा तासच बसलेला असतो.

अंतर हा भूमितीचा प्रश्न आहे, तर वेळ हा हवा, आकाशातल्या सीमा आणि घड्याळे यांचा. हे दोन प्रश्न एकत्र केले की गोंधळ होतो; वेगळे ठेवले की साइन-कोसाइनची बटणे असलेल्या गणनयंत्रावर आणि एका कागदावर सगळे उत्तर मिळते. या लेखात तोच हिशेब पायरीपायरीने मांडला आहे आणि मुख्य उदाहरण लंडन–टोकियोचेच ठेवले आहे.

पहिली पायरी : नेमकी दोन ठिकाणे ठरवणे

मोठ्या शहराचे अंतर मोजताना आपण शहराचे नाव घेतो, पण विमान शहरात उतरत नाही, विमानतळावर उतरते. टोकियोचा हानेडा विमानतळ शहराला लागून आहे आणि नारिता साधारण ६० किलोमीटर दूर आहे. दहा हजार किलोमीटरच्या उड्डाणात हा फरक नगण्य वाटतो, पण उतरल्यानंतर तोच फरक एका तासाच्या रेल्वे-प्रवासाएवढा होतो. म्हणून सुरुवातीलाच दोन्ही विमानतळ निश्चित करावेत आणि त्यांचे अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत. लंडनच्या हीथ्रोसाठी ५१ अंश २८ मिनिटे उत्तर व ० अंश २७ मिनिटे पश्चिम, आणि हानेडासाठी ३५ अंश ३३ मिनिटे उत्तर व १३९ अंश ४७ मिनिटे पूर्व, एवढी अचूकता पुरेशी आहे.

यानंतर मिनिटांचे दशांश करायचे असतात आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. ५१ अंश २८ मिनिटे म्हणजे ५१.२८ नव्हे. २८ ला ६० ने भागायचे, ०.४७ येतात, म्हणून ५१.४७. एवढ्या एका चुकीने ठिकाण सुमारे वीस किलोमीटर सरकते. रेखांशाच्या मिनिटांनाही हाच नियम आहे. शिवाय पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश यांच्यामागे ऋण चिन्ह लावायचे. हीथ्रोचे रेखांश −०.४५ आणि हानेडाचे १३९.७८, दोहोंतला फरक १४०.२३ अंश. ऋण चिन्ह विसरले तर हाच फरक १३९.३३ होतो. लंडन ग्रीनिचच्या शून्य रेखांशाला खेटून असल्यामुळे इथे नुकसान थोडके होते, पण न्यूयॉर्कसारख्या ७४ अंश पश्चिमेच्या शहराबाबत उत्तर हजारो किलोमीटरने चुकते.

दुसरी पायरी : नकाशा बाजूला ठेवून दोरा हातात घेणे

आकडेमोडीपूर्वी एक गोष्ट करून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन. पृथ्वीगोल घ्यावा, शिवणाच्या दोऱ्याचे एक टोक लंडनवर अंगठ्याने दाबावे, दुसरे टोक टोकियोवर धरावे आणि दोरा हळूहळू ताणावा. सुरुवातीला आपण तो कझाकस्तान-मंगोलियावरून नेतो, कारण नकाशाने डोळ्यांना तशी सवय लावलेली असते. पण ताण वाढला की दोरा आपोआप उत्तरेकडे घसरतो. ताठ झाल्यावर तो ऑस्लोजवळून जातो, स्वीडनवरून जात फिनलंडमध्ये आर्क्टिक वृत्त ओलांडतो, कारा समुद्रावर ७१ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग सैबेरियावरून तिरका खाली जपानकडे येतो. टोकियो लंडनच्या दक्षिणेला आहे, आणि तरीही तिथे जाण्याची जवळची वाट लंडनहून ईशान्येकडे, त्यातही उत्तरेला अधिक झुकून निघते.

या ताठ दोऱ्याच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर काढलेले सर्वांत मोठे वर्तुळ. गोलावरच्या कोणत्याही दोन बिंदूंमधले लघुतम अंतर याच वर्तुळाच्या कंसावर असते. भिंतीवरचा नेहमीचा नकाशा बहुधा गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये काढलेल्या पद्धतीचा किंवा तिच्या वळणाचा असतो. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या खलाशांसाठी तो उत्तम होता, कारण त्यावर स्थिर दिशेची वाट सरळ रेषा दिसते. पण ध्रुवांकडे जाताना तो सगळे ताणत नेतो. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी असून दोन्ही त्यावर जवळपास सारखे दिसतात. लेखाच्या आरंभी दिलेले ११,३५० किलोमीटर हे या नकाशावरच्या सरळ रेषेचे मोल आहे.

दोऱ्यावरूनच अंतरही काढता येते. ३० सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलाचा परीघ ९४ सेंटीमीटरांच्या किंचित वर असतो आणि खऱ्या पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर सुमारे ४२५ किलोमीटर. लंडन–टोकियोसाठी दोरा २२.६ सेंटीमीटर भरतो, म्हणजे ९,६०० किलोमीटर. दोन मिलिमीटरची चूक झाली तरी फरक ८५ किलोमीटरचा, विमानाच्या भाषेत सहा मिनिटांचा.

तिसरी पायरी : सूत्राने अंतर काढणे

आता तेच आकड्यांनी. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणावे. दोन्ही गुणाकारांची बेरीज ज्या कोनाची कोसाइन आहे, तो कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन शहरांमध्ये होणारा कोन. त्या कोनाच्या अंशांना १११.१९ ने गुणले की किलोमीटर मिळतात, कारण ६,३७१ किलोमीटर सरासरी त्रिज्येच्या गोलावर एका अंशाचा कंस तेवढा असतो.

आपल्या उदाहरणात ५१.४७ आणि ३५.५५ या अंशांच्या साइन ०.७८२३ आणि ०.५८१४, गुणाकार ०.४५४८. कोसाइन ०.६२२९ आणि ०.८१३६, तर १४०.२३ अंशांची कोसाइन −०.७६८६, तिघांचा गुणाकार −०.३८९५. बेरीज ०.०६५३. ही कोसाइन असलेला कोन ८६.२६ अंश, आणि त्याला १११.१९ ने गुणल्यावर ९,५९१ किलोमीटर. संगणकाच्या तक्त्यात हेच करताना कोन रेडियन या दुसऱ्या एककात द्यावे लागतात, म्हणून प्रत्येक अंशमूल्याला आधी ०.०१७४५३ ने गुणावे. ते राहून गेले तर उत्तर येते, पण निरर्थक येते, आणि तक्ता चुकीची सूचनाही देत नाही.

पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६,३५७ किलोमीटर आहे. त्यामुळे गोल मानून काढलेले उत्तर फार तर अर्ध्या टक्क्याने चुकते. आपल्या उदाहरणात ती चूक जास्तीत जास्त पन्नासेक किलोमीटरची. प्रवासाच्या नियोजनासाठी याहून अचूक सूत्रांच्या मागे लागण्याची गरज नाही.

काही जोड्यांना तर सूत्रही लागत नाही. दोन शहरे जवळपास एकाच रेखांशावर असतील, तर अक्षांशांतला फरकच पुरतो. इस्तंबूल ४१.३ अंश उत्तरेला आणि जोहान्सबर्ग २६.१ अंश दक्षिणेला, रेखांश जवळपास तेच, ६७.४ अंश गुणिले १११.२ म्हणजे साडेसात हजार किलोमीटर. उलट दोन शहरे पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या रेखांशांवर असतील, तर जवळची वाट ध्रुवाजवळून जाते. सिंगापूर १०४ अंश पूर्वेला आणि न्यूयॉर्क ७३.८ अंश पश्चिमेला. फरक जवळजवळ १७८ अंशांचा. सिंगापूरहून उत्तर ध्रुव ८८.६ अंशांवर, तिथून न्यूयॉर्क ४९.४ अंशांवर, बेरीज १३८ अंश, म्हणजे सुमारे १५,३४५ किलोमीटर. जगातल्या सर्वांत लांब नियमित थेट उड्डाणाचे अंतर असे दोन वजाबाक्या आणि एका गुणाकारात हाती येते, याचा मला आजही आनंद वाटतो. कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही, कारण तो पृथ्वीचा अर्धा परीघ आहे. उत्तर त्याहून मोठे आले तर हिशेबात चूक आहे असे खुशाल समजावे.

मैलांबाबत सावध राहावे. वैमानिक आणि विमानतळ सागरी मैल वापरतात आणि तो १.८५२ किलोमीटरचा असतो. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. नुसते ‘मैल’ लिहिलेला आकडा कोणत्या मैलांत आहे हे न पाहता वापरला, तर पंधरा टक्क्यांची चूक होते.

चौथी पायरी : विमान खरोखर कोणत्या वाटेने जाते

ताठ दोऱ्याची वाट ही किमान मर्यादा आहे. खरे विमान तिच्यापेक्षा थोडे जास्तच उडते आणि कधी कधी फार जास्त. त्याची कारणे ठाऊक असली की कोणत्या जोडीला किती टक्के वाढवायचे, याचा अंदाज बसतो.

सर्वांत मोठे कारण राजकीय आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश युरोप, ब्रिटन, जपान अशा अनेक ठिकाणच्या कंपन्यांच्या विमानांच्या वाटेतून वगळले गेले. हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामधले लघुतम अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि पूर्वी हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होत असे. बंदीनंतर याच दोन शहरांना जोडणारी विमाने उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊन सुमारे तेरा तासांत पोहोचू लागली. दोन्ही शहरे होती तिथेच आहेत, भूमिती बदललेली नाही. तरी वाट पार बदलली. लंडन–टोकियोच्या ९,५९० चे १२,००० याच कारणाने झाले. जाताना विमाने बहुधा मध्य आशियावरून जातात, तर येताना काही विमाने उत्तर पॅसिफिक, अलास्का आणि ग्रीनलंड असा पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाचा मार्ग धरतात.

दुसरे कारण जमिनीच्या उंचीचे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला साधारण ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, कारण तिथे माणसाला प्राणवायूच्या नळीविना श्वास घेता येतो. तिबेटचे पठारच त्याहून उंच आहे. म्हणून दोरा तिबेटवरून जात असला तरी बहुतेक विमाने त्याला वळसा घालतात. तिसरे कारण दोन इंजिनांच्या विमानांचे. एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्यावर ठरावीक मिनिटांत एखाद्या विमानतळावर उतरता आले पाहिजे, असा नियम आहे. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढली तेव्हा अटलांटिक दोन इंजिनांवर सहज ओलांडता येऊ लागला, आणि आज काही विमानांना ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. तरीही दक्षिणेकडच्या महासागरांवर हा नियम जाणवतो. सिडनी आणि सँटियागो ही दोन्ही शहरे ३३-३४ अंश दक्षिणेला आहेत, पण त्यांच्यामधला दोरा ६१ अंशांच्याही पलीकडे, अंटार्क्टिकाच्या दिशेने झुकतो आणि आसपास उतरायला जागाच नसते.

आकाश मोकळे असलेल्या जोडीसाठी मी लघुतम अंतरात ३ ते ५ टक्के मिळवून पुढे जातो आणि बहुधा तेवढे पुरते. ज्या जोडीचा दोरा बंद आकाशावरून जातो, तिथे टक्क्यांचा उपयोग नाही. दोरा ज्या देशांवरून खरोखर जाता येते त्यांवरून दोन-तीन तुकड्यांत ताणावा आणि तुकड्यांची बेरीज करावी.

पाचवी पायरी : अंतराचे तास करणे

लांब पल्ल्याची आजची विमाने ध्वनीच्या सुमारे ०.८५ पट वेगाने उडतात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटर भरतो, त्याचे ०.८५ पट म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. मधल्या पल्ल्याची लहान विमाने ०.७८ पट वेगाने, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातात. पल्ला आठ हजार किलोमीटरपेक्षा मोठा असेल तर निर्धास्तपणे ९०० धरावेत.

मात्र तिकिटावरचा वेळ चाकाखालचे ठोकळे काढून विमान जागचे हलल्यापासून ते दुसऱ्या टोकाला पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, चढाई, उतरण आणि उतरल्यानंतर पुन्हा सरकणे यांसाठी ४० मिनिटे मिळवावीत. रशियाचे आकाश मोकळे असते तर लंडन–टोकियोला ९,५९० भागिले ९०० म्हणजे १० तास ४० मिनिटे, अधिक ४० मिनिटे, म्हणजे ११ तास २० मिनिटे लागली असती. त्यात वाटेतले ३-४ टक्के धरले तर पावणेबारा तास. आता उलट हिशेब करून पाहावा: सध्याच्या १४ तासांतून ४० मिनिटे वजा करून उरलेल्या वेळाला ९०० ने गुणले की १२,००० किलोमीटर येतात. वेळावरून वाटेची लांबी ओळखण्याची ही युक्ती कोणत्याही तिकिटाला लागू पडते.

आता वारा. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, म्हणजे जेट प्रवाह, प्रवासाच्या वेळेवर सर्वाधिक सत्ता गाजवतो. हिवाळ्यात तो अधिक जोरकस होतो आणि जपानच्या आसपास त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. टोकियो–लॉस एंजेलिस हे अंतर सुमारे ८,८०० किलोमीटर. पूर्वेकडे जाताना पाठीमागून सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर जमिनीच्या हिशेबाने वेग १,००० होतो आणि उड्डाण ८ तास ४८ मिनिटांचे. परतताना तोच वारा समोरून, वेग ८००, आणि ११ तास. दोहोंत ४० मिनिटे मिळवली की साडेनऊ आणि पावणेबारा तास. वारा नसता तर दोन्ही बाजूंची उड्डाणे मिळून १९ तास ३३ मिनिटांची झाली असती, वाऱ्याने ती १९ तास ४८ मिनिटांची झाली. जाताना वाऱ्याने दिलेले येताना तो व्याजासह परत घेतो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असते.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन एका विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे सुमारे ५,५४० किलोमीटरचे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या आसपास होता. तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण ध्वनीचा वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत मोजतात आणि ती हवाच त्याच दिशेने धावत होती.

म्हणून पूर्व-पश्चिम उड्डाणांसाठी दोन वेगळे वेळ काढावेत, उत्तर-दक्षिण उड्डाणांसाठी एकच पुरतो. वारा इतका मोलाचा आहे, की कधी कधी लांबची वाट धरणेच फायद्याचे ठरते. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारे विमान ध्रुवाजवळचा १५,३४५ किलोमीटरचा दोरा सोडून अनेकदा पॅसिफिकवरून सोळा हजारांहून अधिक किलोमीटर जाते, आणि पाठीमागच्या वाऱ्यामुळे अठरा-एकोणीस तासांत पोहोचते. वेळापत्रकात कंपन्या वाऱ्याची आणि गर्दीची थोडी तरतूद आधीच करून ठेवतात. म्हणून सुटायला वीस मिनिटे उशीर झालेले विमान वेळेवर पोहोचल्याचे दिसते, ते बरेचदा या तरतुदीमुळे.

सहावी पायरी : घड्याळे जुळवणे

इथे माझा एकच नियम आहे आणि तो मी कधीही मोडत नाही: स्थानिक वेळांची एकमेकींतून वजाबाकी करायची नाही. आधी दोन्ही वेळा ग्रीनिचच्या वेळेत, म्हणजे आजच्या भाषेत यूटीसीमध्ये आणायच्या आणि मगच बेरीज-वजाबाकी करायची. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे आहे. हिवाळ्यात लंडन यूटीसीवरच असते. लंडनहून दुपारी १ वाजता सुटलेले विमान १४ तासांनी यूटीसीच्या पहाटे ३ वाजता पोहोचेल. त्यात ९ मिळवले की टोकियोत दुपारचे १२. परतताना टोकियोतले सकाळचे ९:३० म्हणजे यूटीसीचे मध्यरात्रीनंतरचे १२:३०. त्यात १४ तास २० मिनिटे मिळवली की दुपारचे २:५०, आणि लंडनमध्ये तीच वेळ. आरंभी दिलेले कोडे इथे सुटते.

पॅसिफिकवर आंतरराष्ट्रीय वाररेषा आडवी येते, पण या नियमाने तिचा वेगळा विचारच करावा लागत नाही. टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेले दहा तासांचे विमान घ्यावे. संध्याकाळचे ५ म्हणजे यूटीसीचे सकाळचे ८. दहा तासांनी संध्याकाळचे ६. लॉस एंजेलिस हिवाळ्यात यूटीसीच्या ८ तास मागे, म्हणून तिथे त्याच दिवशी सकाळचे १०. प्रवासी निघण्याच्या सात तास ‘आधी’ पोहोचला. परतीच्या वाटेवर मात्र एक तारीख हातची जाते आणि त्या रात्रीची खोली कुठेच राखून ठेवायची नसते.

उन्हाळी वेळेकडे, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याच्या प्रथेकडे, बारकाईने पाहावे. युरोपात घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे लंडन आणि न्यूयॉर्क यांतला फरक एरवी ५ तास असतो, पण वर्षातले काही आठवडे तो ४ होतो. सिडनी आणखी अवघड, कारण तिथला उन्हाळा उलट्या महिन्यांत येतो: लंडनशी तिचा फरक ऋतूप्रमाणे ९, १० किंवा ११ तास असतो. टोकियोत उन्हाळी वेळ नाही. काठमांडू यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे आणि ॲडलेड तिथल्या हिवाळ्यात साडेनऊ तास. म्हणून फरक नेहमी पूर्ण तासांचाच असेल असे गृहीत धरू नये.

तारखेबाबत एक गोष्ट ठळक करून सांगतो. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी लहानसे ‘+१’ असते, ते दुसऱ्या दिवसाचे. ते नजरेतून सुटल्यामुळे मी एकदा मुक्कामाची खोली एक दिवस आधीची घेतली आणि रिकाम्या खोलीचे पैसे भरले. मध्यरात्रीनंतरचे विमान त्याहून घातक. १५ तारखेच्या ००:३० चे विमान म्हणजे १४ च्या रात्री विमानतळावर असायला हवे. १५ च्या रात्री जाणाऱ्याचे विमान आदल्याच रात्री गेलेले असते. असे तिकीट हाती आले की मी त्यावर पेनाने ‘१४ ची रात्र’ असे लिहून ठेवतो.

सातवी पायरी : थेट विमान नसेल तेव्हा

मधला थांबा निवडताना बहुतेक जण किंमत आणि एकूण तास पाहतात. मी आधी दोरा पाहतो. सिडनी ते लंडन हे लघुतम अंतर सुमारे १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे गेल्यास ६,३०० अधिक १०,८८०, म्हणजे १७,१८०. वळसा जेमतेम एक टक्का, कारण सिंगापूर जवळजवळ दोऱ्यावरच आहे. लॉस एंजेलिसमार्गे गेल्यास १२,०५० अधिक ८,७७०, म्हणजे २०,८२०. वळसा ३,८०० किलोमीटरचा, चार तासांहून अधिक उड्डाणाचा. हे दोन्ही मार्ग तिकिटांच्या यादीत शेजारीशेजारी दिसतात आणि नकाशावर दोन्ही सारखेच पटण्याजोगे वाटतात.

सिंगापूरमार्गाचा वेळ असा मांडावा: पहिल्या टप्प्याला ६,३०० भागिले ९००, म्हणजे ७ तास, अधिक ४० मिनिटे; दुसऱ्याला १०,८८० किलोमीटर, पश्चिमेकडे जात असल्यामुळे समोरचा वारा आणि वाटेतले वळसे धरून साडेतेरा-चौदा तास; मध्ये किमान दोन तासांचा थांबा. बेरीज सव्वातेवीस ते पावणेचोवीस तासांची होते. एवढ्या लांबच्या प्रवासात तीन तासांचा थांबा मी दीड तासाच्या थांब्यापेक्षा नेहमी पसंत करतो. पहिले विमान तासभर उशिरा आले तरी दुसरे चुकत नाही, आणि पाय मोकळे करता येतात ते वेगळेच.

दोन टप्प्यांची तिकिटे एकाच आरक्षणात आहेत की वेगळी, हे तासांच्या हिशेबाइतकेच महत्त्वाचे आहे. एकाच आरक्षणात पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे चुकले तर प्रवाशाला पुढे पाठवण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि सामानही बहुधा थेट शेवटच्या शहरापर्यंत जाते. काही देशांत मात्र पहिल्या उतरण्याच्या ठिकाणीच सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. वेगळ्या तिकिटांत सामान घेणे, देशात प्रवेशाचे सोपस्कार करणे आणि पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभे राहणे हे सगळे प्रवाशाने स्वतः करायचे असते, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. अशा वेळी पाच तासांपेक्षा कमी थांबा मी धरत नाही.

आठवी पायरी : दारापासून दारापर्यंत

उड्डाणाच्या वेळात दोन्ही टोकांचे तास मिळवले की खरा प्रवास समजतो. लांबच्या उड्डाणासाठी सुटण्याच्या तीन तास आधी विमानतळावर असावे. पोहोचल्यावर प्रवेशाची रांग, सामान आणि शहरापर्यंतची वाट यांना दोन तास धरावेत. आणि सुरुवातीला घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ आपापला. लंडन–टोकियोचे १४ तास असे २० च्या पुढे जातात. त्यावर शरीराचे घड्याळ: ते दिवसाला साधारण एक तास या चालीने जुळते आणि पूर्वेकडे गेल्यावर जास्त त्रास देते. इस्तंबूलहून जोहान्सबर्गला दहा तास उडालेला माणूस एका तासाच्या फरकाने जवळपास ताजा उतरतो. लंडनहून टोकियोला पोहोचलेल्याच्या शरीरात दुपारी १२ वाजता पहाटेचे ३ वाजलेले असतात. महत्त्वाची भेट किंवा परीक्षा असेल तर त्याच दिवशी न ठेवता निदान दोन रात्री मध्ये सोडाव्यात.

शेवटी, निघण्याच्या आदल्या दिवशी त्याच क्रमांकाच्या विमानाने गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती वेळ घेतला, हे विमानांचा माग दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर पाहून घ्यावे. सात दिवसांचे सात आकडे समोर आले की वाऱ्याचा सध्याचा जोर आणि वाटेतला वळसा दोन्ही त्यांत दिसतात. त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरूनच पुढची गाडी, भेट किंवा मुक्काम ठरवावा.